खिडकीत मावेल तेवढं

वत्सलाबायच्या पाळणाघरात किती खेळणी असावीत, हे खिडकी ठरवायची. पुढच्या खोलीच्या खिडकीला आतल्या बाजूने हातभर रुंद कट्टा होता. त्यावर मावेल तेवढंच मुलांसमोर. एक लाकडी गाडी, एक कापडी बाहुली, सुताराकडून आणलेले लाकडाचे तुकडे, थोड्या करवंट्या आणि घडी केलेलं एक जुनं लुगडं. लुगडं हे काही खेळणं नाही, असं मी पहिल्या दिवशी म्हणाले होते. बाय म्हणाल्या, "थोडे दिवस थांब, मग सांग." त्या आठवड्यात ते लुगडं घर झालं, होडी झालं, नवरीचा शालू झालं आणि दवाखान्याचा पडदाही झालं. मी तो विषय पुन्हा काढला नाही.

वसईजवळ उमेळ्यात आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी केळीची बाग होती. ती बायच्या सासरची. बाग गेली, पण त्यांचं बैठं घर आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून तसंच राहिलं. बी.कॉम. होऊन मी घरी बसले होते. मुलाखतीला गेले की माझा आवाज बाहेर यायचा नाही. आईने मला बायकडे मदतीला पाठवलं. लहान मुलांशी तरी ही बोलेल, असं तिला वाटलं असावं.

इकडे मोठ्या बाईला बाय म्हणतात. मुलं त्यांना "बाय, तू" म्हणायची आणि आम्ही मोठे "बाय, तुम्ही." उंच, हाडकुळ्या, पदर कायम कमरेला खोचलेला. हातात काहीतरी काम असायचंच: तांदूळ निवडणं, नाहीतर मेथी, नाहीतर वालाच्या शेंगा. बसायच्या पाटावर, आणि मुलांकडे तिरक्या तोंडाने. मी मुलांसमोर मांडी घालून बसले तेव्हा त्यांनी मला दंडाला धरून वळवलं होतं.

"सरळ बघत बसू नको. बघितलं की ती खेळत नाहीत, खेळून दाखवतात."

पालकांशी बोलताना बाय शाळेतल्यासारखं बोलायच्या, प्रत्येक ण ठासून. मुलांपाशी किंवा रागात घरची बोली यायची आणि पाण्याचं पानी व्हायचं. एक गोष्ट मात्र दोन्ही बोलींत त्यांच्या तोंडून कधी निघायची नाही, ती म्हणजे स्वतःची चूक. भाजीत मीठ जास्त पडलं तर मीठ खारट आलेलं असायचं. अगदीच अंगाशी आलं तर "बघू" म्हणायच्या आणि उठून जायच्या.

दुसऱ्याच दिवशी मी माझ्या भाच्याची जुनी खेळणी पिशवी भरून घेऊन गेले. बायनी पिशवी ओतली नाही. एकेक वस्तू बाहेर काढून हातात फिरवली.

"हे काय करतं?"

"गाणं म्हणतं. दिवे पण लागतात."

"मग पोरगं काय करणार?"

"बघणार," मी म्हणाले.

"ते घरी टीव्हीवर बघतात की." त्यांनी ती वस्तू परत पिशवीत टाकली. "हे?"

"हा बोलणारा पोपट आहे. आपण बोललो की तेच म्हणतो."

"इथे आहेत तेवढे पोपट पुरे."

पिशवीतून त्यांनी फक्त एक चेंडू ठेवून घेतला. त्यातली हवा गेलेली होती. तोच का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "फार लांब जात नाही. आणायला जायला नको."

त्यांना खेळण्यांचा राग होता असं मात्र नाही. उलट इतक्या मायेने खेळणी पुसणारं माणूस मी पाहिलं नाही. आठवड्यातून एकदा त्या लाकडी गाडीच्या आसाला खोबरेल लावायच्या, बाहुलीचे उसवलेले टाके घालायच्या. बरीच वर्षं त्या वसई पूर्वेला एका गाळ्यात कामाला जात. तिथे प्लॅस्टिकची खेळणी बनायची. आधी गाड्यांना चाकं बसवण्याचं काम, मग पॅकिंगचं. "खोका मोठा लागायचा," त्या सांगायच्या. "आत गाडी एवढीशी, बाकी पुठ्ठा. दुकानात पोरगं खोका उचलत नाही, बाप उचलतो. त्याला वाटलं पाहिजे ना, आपण पोरासाठी बरंच काही नेतोय." ते सांगताना त्यांच्या आवाजात टोमणा नसायचा. त्या कामावर त्यांनी घर चालवलं होतं, आणि खोका चांगला बांधता येतो याचा त्यांना अभिमानच होता.

कट्ट्यावर गाडी एकच असल्यामुळे भांडणं व्हायची. त्यातलं एक मला नीट आठवतं. पार्थ आणि जोएल हे दोघे पाच वर्षांचे, आमच्या गटातले सर्वांत मोठे. दोघांनी गाडी दोन बाजूंनी धरली होती आणि दोघांचेही चेहरे लाल झाले होते. मी उठले. बायनी माझ्याकडे न बघताच मेथीची एक जुडी माझ्या मांडीवर टाकली. म्हणजे बस.

"मी आधी घेतली," जोएल म्हणाला.

"तू काल पण घेतली होतीस."

"काल गाडी बिघडली होती. मी चालवलीच नाही."

"मग आज पण बिघडलेली आहे," पार्थ म्हणाला. "ब्रेक नाहीयेत. मी मेकॅनिक आहे, मला बघू दे."

जोएलने जरा विचार केला आणि गाडी सोडली. "किती वेळ लागेल?"

"पार्ट मागवावा लागेल."

पुढे अर्धा तास ती गाडी हललीच नाही. करवंट्यांचे टायर झाले, लाकडाच्या तुकड्यांचं गॅरेज झालं, जोएल चहा पीत गिऱ्हाईक म्हणून बसून राहिला आणि मधून मधून "अहो, झालं का" म्हणून ओरडत राहिला. बाय मेथीच्या काड्या मोडत हळूच मला म्हणाल्या, "दोन गाड्या असत्या तर दोघे दोन कोपऱ्यांत गेले असते. एक असली की दुसऱ्याला गॅरेज काढावं लागतं."

मुलांना कंटाळा आला की मला अपराधी वाटायचं. बायना वाटायचं नाही. मूल भिंतीला टेकून पाय हलवत बसलं की त्या म्हणायच्या, "राहू दे. तिथूनच निघतं काहीतरी." आणि बहुतेक वेळा निघायचं.

पण कट्ट्यावर न मावणारी खेळणी त्यांच्याकडे होतीच. ती माळ्यावर एका पत्र्याच्या पेटीत असायची. दर सोमवारी कट्ट्यावरचं एखादं खेळणं आत जायचं आणि पेटीतलं एखादं बाहेर यायचं. गेलेल्या खेळण्याबद्दल मुलांनी विचारलं की बाय सांगायच्या, "गावाला गेलंय."

ही कल्पना त्यांना फ्लॅटमधल्या मुलांमुळे सुचली. आमच्यासारख्या कोकणातून, घाटावरून आलेल्या घरांतली मुलं मे महिन्यात गावाला जायची आणि काळी होऊन, खिशात काजूच्या बिया घेऊन परत यायची. बायचं गाव उमेळंच. माहेर दोन गावं सोडून, सासर इथलं. "आम्हाला कुठे गावाला जायचंच नसतं," त्या एकदा म्हणाल्या. "लहानपणी मला फार वाटायचं, आपल्यालापण कुठेतरी जाऊन यायला असावं."

त्यामुळे त्यांची खेळणी गावाला जायची. परत येताना रिकाम्या हाताने यायची नाहीत. सोमवारी सकाळी बाहुलीच्या कुशीत चिंचोके असायचे, नाहीतर लाकडी हत्तीच्या पाठीवर आंब्याची डहाळी. मुलं खेळण्यापेक्षा गावाहून आलेल्या त्या वस्तूंशी जास्त खेळायची. नवीन येणाऱ्या पालकांना बाय हे सगळं निर्विकार चेहऱ्याने सांगायच्या. एव्हरशाईन सिटी नावाच्या वसाहतीतून एक आई चौकशीला आली होती. तिने खोलीभर नजर फिरवून विचारलं, "टॉईज कुठे आहेत?" बाय म्हणाल्या, "गावाला गेलीत." ती बाई गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मीही मान हलवली. मला त्या घरात पहिल्यांदा हसू आलं ते तेव्हा.

जून महिन्यात आर्वी आली. चार वर्षांची, बारीक, डोळे मोठे. आई आणि बाबा दोघेही नोकरीला. "इतके दिवस आजी सांभाळायची," तिची आई म्हणाली. आर्वी तिचा हात धरून उभी होती. आईने तिच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "आजी आता गावाला असते. राजापूरला." बाय म्हणाल्या, "बरं," आणि तिची पाण्याची बाटली खुंटीला लावली.

आर्वी खेळायची नाही. रडायची नाही, हट्ट करायची नाही. फक्त कट्ट्याशी उभी राहायची. बायनी दोन आठवडे तिला तसंच उभं राहू दिलं. मग आर्वीला सोमवार कळला. सोमवारी ती सगळ्यांच्या आधी फाटकात हजर असायची. कोण परत आलं ते बघायची आणि मग प्रश्न विचारायची.

"कशाने आली?"

"एसटीने," बाय सांगायच्या.

"बसायला मिळालं?"

"मिळालं. खिडकीजवळ."

"गाडीत आणखी कोण होतं?"

बाय खुश व्हायच्या. इतके बारीक प्रश्न आजवर कोणी विचारले नव्हते. त्या एसटीत त्यांनी माणसं बसवली, कोंबड्या बसवल्या, भांडणारा कंडक्टर बसवला. एका सोमवारी आर्वीने हत्तीच्या पाठीवरची डहाळी हुंगली आणि विचारलं, "गावाला गेलेले सगळे परत येतात?"

"सगळे येतात," बाय म्हणाल्या.

"माझी आजी?"

"येईल की. आता गणपतीत येईल."

आर्वीने मान हलवली आणि त्या दिवशी पहिल्यांदा बाहुली हातात घेतली. बायनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. आपलं बरोबर असल्याची त्यांची ती खूण होती.

त्याच आठवड्यात एक दिवस आर्वीच्या आईला उशीर होणार होता, म्हणून मी तिला घरी सोडायला गेले. शेजारच्या काकूंकडे किल्ली होती. त्यांनी दार उघडून दिलं आणि आई येईपर्यंत मी तिच्यासोबत थांबले. आर्वीची खोली खेळण्यांनी भरलेली होती. स्वयंपाकघर, डॉक्टरचा सेट, बाहुल्यांचं तीन मजली घर, पियानो. काही खोके उघडलेलेच नव्हते, वरचं प्लॅस्टिक तसंच होतं. मी विचारलं, "यातलं तुझं आवडतं कोणतं?" तिने खांदे उडवले. मग ती बाहेर गेली आणि उंबऱ्यात बसून लिफ्टच्या दाराकडे बघत राहिली. लिफ्ट त्या मजल्यावर थांबली की ती अर्धवट उठायची.

मी हे बायना सांगितलं. त्या वाल सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

शनिवारी आर्वीचे बाबा आले. नीलेश नाव त्यांचं. पाळणाघराला तेव्हा अर्धा दिवस सुट्टी होती, मुलं गेली होती आणि मी चटया गोळा करत होते. ते ऑफिसमधूनच आले असावेत, गळ्यात ओळखपत्र होतं आणि हातात खेळण्यांच्या दुकानाची मोठी पिशवी. बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत.

"बाय, तुम्ही आर्वीला सांगितलंत, आजी गणपतीला येणार?"

"हो. का, येणार नाहीत का?"

"आई गेली माझी. मार्चमध्ये."

मी हातातली चटई तशीच धरून उभी राहिले. आत जावं की थांबावं ते मला कळेना.

"आम्ही तिला काही कळू दिलं नाही," ते म्हणाले. "हॉस्पिटलातूनच सगळं केलं. हिला मावशीकडे ठेवलं होतं. गावाला गेली म्हणून सांगितलं. हळूहळू विसरेल असं वाटलं होतं. विसरत होती. आता रोज विचारते, गणपती कधी. बॅग भरायला सांगते, आजीला आणायला स्टँडवर जायचंय म्हणते."

"विचारायची तेव्हा तुम्ही काय सांगत होतात?" बायनी विचारलं.

"काय सांगणार? येताना काहीतरी घेऊन यायचो. तेवढ्यापुरती विसरायची."

बाय त्या पिशवीकडे बघत होत्या. मला वाटलं, आता खेळण्यांवरून त्या यांना ऐकवणार. त्यांच्या जिभेवर ते असणारच. पण त्या पाटावर बसल्या, गुडघ्यावर हात ठेवून, आणि म्हणाल्या, "आनि मी तिला चिंचोके दिले."

नीलेश बसले, थेट जमिनीवर. "तुम्हीच सांगा तिला. तुमचं ऐकते ती. आमच्याच्याने नाही होणार."

"नाही," बाय म्हणाल्या. "माझं खोटं मी मागे घेईन. तुमचं तुम्ही घ्या. दोन्ही मी घेतली तर ती घरी येऊन तुम्हाला विचारील, खरं का. तेव्हा काय करनार?"

"तिची आई म्हणते, पाळणाघरच बदलू."

"बदला. पन सांगून बदला."

सोमवारी बायनी जोएलच्या बाबांकडून माळ्यावरची पेटी खाली काढून घेतली होती. नीलेश रजा घेऊन आले होते आणि पायरीवर बसले होते. बरोबर आर्वीची आईही होती. बायनी सगळ्या मुलांना पेटीभोवती बसवलं आणि झाकण उघडलं.

"हे सगळे इथेच होते," त्या म्हणाल्या. "कोणी गावाला गेलं नव्हतं. मी खोटं सांगत होते. माझी चूक झाली."

त्यांना हे म्हणताना मी तेव्हाच ऐकलं. मुलांना मात्र त्याचं फारसं काही वाटलं नाही.

"मला माहीत होतं," पार्थ म्हणाला. "मी एकदा माळ्यावरच्या पेटीतून बाहेर आलेला सशाचा कान बघितला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

आर्वी पेटीपाशी आली. तिने एकेक खेळणं बाहेर काढून जमिनीवर ठेवलं, अगदी तळाशी अंथरलेला कागदसुद्धा उचलून बघितला. मग ती बायकडे वळली.

"एसटी पण नव्हती?"

"नव्हती."

"मग आजी कुठे आहे?"

बायनी पायरीकडे बघितलं. नीलेश उठून आत आले, आर्वीसमोर उकिडवे बसले. त्यांचा आवाज मला नीट ऐकू आला नाही, कारण मी बाकीच्या मुलांना घेऊन मागच्या पडवीत गेले होते. एवढंच ऐकू आलं की ते "वारली" म्हणाले, आणि आर्वीने विचारलं, "म्हणजे काय?" आणि ते पुन्हा सांगायला लागले. बऱ्याच वेळाने ती रडली. चांगली मोठ्याने रडली. आल्यापासून तिचा इतका मोठा आवाज आम्ही ऐकला नव्हता.

पाळणाघर त्यांनी बदललं नाही. आठवडाभर आर्वी आली नाही, मग आली.

पेटी काही दिवस उघडीच पडून होती. आता लपवायचं काहीच नाही म्हटल्यावर बायनी सगळी खेळणी बाहेर राहू दिली. मला वाटलं, मुलं हरखून जातील. पहिल्या दिवशी ती हरखलीही. दुसऱ्या दिवसापासून नुसती फिरत राहिली. हे उचल, ते टाक, दुसऱ्याच्या हातातलं हवं. पार्थचं गॅरेज बंद पडलं. मुलांना घरी न्यायच्या वेळेला खोली अशी दिसायची की कोणालाच काही सापडत नसे. शुक्रवारी बाय म्हणाल्या, "बघू," आणि सगळं परत पेटीत भरलं. सोमवारी कट्ट्यावर पुन्हा मावेल तेवढंच होतं.

"बाकीची कुठेयत?" जोएलने विचारलं.

"माळ्यावर."

"का?"

"इथे गर्दी होते."

"बरं," जोएल म्हणाला आणि गाडी घेऊन गेला.

बाय जरा खट्टू झाल्या असाव्यात. गावाच्या गोष्टीवाचून मुलांचं काहीच अडलं नाही. संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "मला वाटायचं, कमी आहे ते त्यांना कळू नये म्हणून गोष्ट सांगायला हवी. त्यांना कमी वाटतच नव्हतं. ते मलाच वाटत होतं."

दिवाळीनंतर मला एका ऑफिसात नोकरी लागली. मुलाखतीत मी फार काही बोलले असं नाही, पण विचारलं तेवढ्याचं उत्तर देता आलं. शेवटच्या दिवशी मी दुपारी पाळणाघरात गेले तेव्हा पुढची खोली विलक्षण शांत होती. मुलं पडवीत जेवत होती. आर्वी एकटी आत होती, आणि बाय.

आर्वीने स्वयंपाकघरातून लाटणं आणलं होतं. ते एका पांढऱ्या रुमालात गुंडाळून जमिनीवर ठेवलं होतं, एक टोक उघडं. त्याच्यापासून जरा अंतरावर बाय भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि त्यांच्या हातात, मी त्या घरात जायला लागल्यापासून प्रथमच, कसलंही काम नव्हतं.

"तू भेटायला आलीस," आर्वी त्यांना सांगत होती. "आता रड."

"मला असं सांगितलं की येत नाही रडायला."

"मग नुसती बस. बोलू नकोस."

बाय बसल्या. आर्वीने मला बघितलं आणि जमिनीवर हात आपटून माझी जागा दाखवली. मीही बसले. तिने लाटण्यावरचा रुमाल सारखा केला, मग पुन्हा थोडा खाली ओढला. तिला घाई नव्हती.

मला निघायला हवं होतं. घरी मावशी आली होती, दुसऱ्या दिवशीची तयारी व्हायची होती. मी उठले, आणि सवयीने "येते" म्हणायला तोंड उघडलं. बायनी मान किंचित हलवून मला थांबवलं. मयताच्या घरातून निघताना येते म्हणत नाहीत. मी चपला घातल्या आणि फाटकापर्यंत गेले. खिडकीतून त्या दिसत होत्या, गुडघ्यांवर हात, पाठ ताठ. गुडघे दुखत असणार. आर्वी त्यांच्याकडे पाठ करून बसली होती, आणि बाय ती उठ म्हणेल याची वाट बघत तशाच थांबल्या होत्या.